वीट, विटा आणि शीप : इंग्रजीतला दीर्घ ‘ई’ तोंडात बसवताना

‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. मग ‘शिर’ आणि ‘शीर’. लिहिताना वेलांटी बदलते आणि अर्थही बदलतो, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडून या जोड्यांमधले दोन्ही शब्द सारखेच, लांब ‘ई’ घेऊन बाहेर पडतात. अर्थ संदर्भावरून कळतो, त्यामुळे मराठीत आपलं काही अडत नाही. इंग्रजीत अडतं. तिथे ‘शीप’ म्हणजे मेंढी आणि ‘शिप’ म्हणजे जहाज. ‘लीव्ह’ म्हणजे निघून जाणं आणि ‘लिव्ह’ म्हणजे राहणं. अर्थ अगदी उलटे, आणि मध्ये फरक फक्त एका स्वराचा.

या लेखात मी इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिणार आहे. दुसरी वेलांटी दिसली की दीर्घ स्वर, पहिली दिसली की ह्रस्व, असं नेहमी समजा. एरवी मराठीत इंग्रजी शब्दांच्या वेलांट्या कशाही पडतात. इथे मात्र प्रत्येक वेलांटी मोजून दिली आहे.

आधी आपल्या तोंडाचा नियम ओळखा

मराठी माणसाला दीर्घ ‘ई’ काढता येत नाही, हे खरं नाही. ‘वीट’, ‘जमीन’, ‘मी’ या शब्दांत तो रोज निघतो. अडचण अशी, की तो कुठे काढायचा हे आपलं तोंड आपल्याच नियमाने ठरवतं. वीट, पण विटा. बहीण, पण बहिणी. फीत, पण फिती. जमीन, पण जमिनीवर. शेवटी व्यंजनाचा आवाज असलेल्या शब्दात त्याआधीचा स्वर लांबतो, आणि शब्द पुढे वाढला की तोच स्वर आखडतो. शाळेत हे शुद्धलेखनाचा नियम म्हणून पाठ केलं असेल, पण ते आपल्या बोलण्याचंच वर्णन आहे. मला वाटतं, इंग्रजी उच्चार शिकवताना मराठी मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगायला हवं. ते कळलं की चुका कुठे होतील याचा अंदाज आधीच बांधता येतो.

कारण हा नियम आपण नकळत इंग्रजीलाही लावतो, आणि त्यातून दोन तऱ्हेच्या चुका होतात.

एक म्हणजे, जिथे इंग्रजीत स्वर दीर्घ आहे पण शब्द पुढे वाढलेला आहे, तिथे आपण तो आखडतो. टीचरचं ‘टिचर’ होतं, मीटिंगचं ‘मिटिंग’, स्पीकरचं ‘स्पिकर’, लीडरचं ‘लिडर’. विटा, फिती यांचाच साचा. दुसरी चूक याच्या उलट. जिथे इंग्रजीत स्वर ह्रस्व आहे पण पुढे लगेच शब्द संपतो, तिथे आपण तो ताणतो. शिपचं ‘शीप’, टिपचं ‘टीप’, पिनचं ‘पीन’, रिचचं ‘रीच’. मोठ्या शब्दांतही हेच: ऑफिस, म्युझिक, क्लिनिक, टॉपिक या सगळ्यांची शेवटची वेलांटी इंग्रजीत पहिली आहे, आणि बोलताना आपण ती सर्रास दुसरी करतो.

कधी कधी दोन्ही भाषांचा साचा जुळतो, तिथे काहीच करावं लागत नाही. डिलीट, रिपीट, रिसीव्ह, बिलीव्ह हे शब्द ‘जमीन’सारखेच आहेत, आधी आखूड आणि मग लांब. ते तुम्ही आजही बरोबर म्हणत असाल.

तेव्हा पहिली पायरी कागदावरची. स्वतःच्या रोजच्या बोलण्यातले असे वीसेक शब्द शोधा आणि तीन गट करा: आपण आखडतो ते, आपण ताणतो ते, आणि आपोआप बरोबर येणारे. तिसऱ्या गटावर वेळ घालवू नका. सराव पहिल्या दोघांचाच करायचा.

जीभ नेमकी कुठे

‘य’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘य’ पूर्ण होण्याआधीच थांबा. जीभ पुढे आणि वर गेलेली असेल, टाळूच्या अगदी जवळ. तिथेच आवाज धरून ठेवा. हाच दीर्घ ‘ई’. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना आतून टेकलेल्या जाणवतील, आणि जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे निवांत पडलेलं असेल. ओठ दोन्ही बाजूंना किंचित ताणलेले. आरशात पाहिलं तर वरच्या-खालच्या दातांत अगदी थोडी फट दिसेल.

हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या मऊ भागाला बोट लावा. दीर्घ ‘ई’ धरला की तिथे हलका ताण लागतो. या ताणाची आठवण ठेवा, ह्रस्व स्वराकडे गेलं की तो सुटला पाहिजे.

ओठ फार ताणू नका. हसून फोटो काढताना करतो तसा चेहरा करायला अनेक ठिकाणी सांगतात. सुरुवातीला ते ठीक आहे, पण त्या चेहऱ्याने सलग वाक्य बोलता येत नाही. खरं काम जिभेचं असतं.

शेजारच्या ‘इ’शिवाय हे जमणार नाही

दीर्घ स्वर एकटा घोटून फारसा फायदा होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याच्या शेजारचा ह्रस्व स्वर वेगळा काढता आला तरच दीर्घ ठसठशीत होतो. आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, शिप म्हणजे शीपच, फक्त लवकर आटपलेला. तसं नाही. इंग्रजीतला ह्रस्व ‘इ’ वेगळ्या जागी उच्चारला जाणारा वेगळा स्वर आहे.

ती जागा अशी शोधा. एका श्वासात, मध्ये न तोडता, ‘ई’पासून ‘ए’पर्यंत सावकाश घसरत या: ईईई… एएए. जबडा हळूहळू उघडेल, जीभ खाली येईल. आता पुन्हा तीच घसरण सुरू करा, पण ‘ए’पर्यंत पोचायच्या आत, साधारण अर्ध्या वाटेवर थांबा. जीभ थोडी सैल सोडा, तोंडाच्या मधोमध सरकू द्या. ओठांतला ताण काढून टाका. निघालेला आवाज ना धड ‘ई’ ना धड ‘ए’ असा वाटेल, काहीसा आळसावलेला. ‘शिप’, ‘लिव्ह’, ‘सिट’ यांतला स्वर तोच.

पहिल्यांदा हे चुकल्यासारखं वाटतं, कारण मराठीत ही जागा आपण सहसा वापरत नाही. आपल्या ‘विटा’तला आखूड ‘इ’ आणि ‘वीट’मधला लांब ‘ई’ यांच्या जागा जवळजवळ एकच असतात, फरक मुख्यतः वेळेचा असतो. म्हणून इंग्रजीच्या ह्रस्व स्वरासाठी मुद्दाम वेगळी जागा तयार करावी लागते.

ही जागेची गोष्ट मोजूनही पाहिलेली आहे. १९५२ साली गॉर्डन पीटरसन आणि हॅरोल्ड बार्नी यांनी अमेरिकी इंग्रजी बोलणाऱ्या ७६ जणांचे स्वर यंत्रावर मोजले. तोंडाच्या पोकळीत आवाज ज्या कंपनसंख्यांना जास्त घुमतो त्यांना अनुनाद म्हणतात. पुरुषांच्या आवाजात दीर्घ ‘ई’चा पहिला अनुनाद सरासरी २७० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला २७० कंपनं) आणि दुसरा २२९० हर्ट्झ होता, ह्रस्व ‘इ’चे आकडे ३९० आणि १९९० होते. पहिला आकडा जितका कमी तितकी जीभ वर, दुसरा जितका जास्त तितकी ती पुढे. म्हणजे शिपसाठी जीभ खालीही येते आणि मागेही सरकते. ज्यांना संगणकावर असे प्रयोग करायला आवडतात त्यांनी ‘प्राट’ नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. स्वतःचा आवाज नोंदवून हे दोन आकडे त्यात बघता येतात. नाही घेतला तरी काही बिघडत नाही, पण तुमचे दोन्ही स्वर एकाच आकड्यावर उभे आहेत हे डोळ्यांनी दिसलं की शंका उरत नाही.

इंग्रजी शब्दकोशातही हा फरक दिसतो. दीर्घ स्वरासाठी डोक्यावर टिंब असलेला छोटा आय आणि त्यापुढे आपल्या विसर्गासारखी खूण असते. ह्रस्वासाठी मात्र बिनटिंबाचा, कॅपिटल आयसारखा पण आकाराने लहान आय. दोन वेगळी चिन्हं, कारण दोन वेगळे स्वर. काही अमेरिकी कोश ती विसर्गासारखी खूण लावतच नाहीत, तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

आता जोड्या म्हणा. आधी दीर्घ, मग ह्रस्व, आणि मध्ये जबडा हलतोय का हे बोटाने तपासत: सीट–सिट, फील–फिल, हीट–हिट, रीच–रिच, स्लीप–स्लिप, ग्रीन–ग्रिन, चीप–चिप, लीस्ट–लिस्ट. मग क्रम उलटा करा. उलट्या क्रमाने म्हणताना दुसरा शब्द पहिल्याच्या मागे फरफटत जातो, म्हणून तोच खरा सराव. आणखी दोन शब्दांची काळजी घ्या: चादर किंवा कागद या अर्थाचा ‘शीट’ आणि समुद्रकिनारा या अर्थाचा ‘बीच’. यांचा स्वर ह्रस्व झाला की दोन्हींच्या शिव्या होतात. हे शब्द पक्के होईपर्यंत त्यांवर जरा जास्तच वेळ द्या.

दीर्घ म्हणजे किती दीर्घ

जागा सापडली की वेळेकडे वळा. इथे इंग्रजीचा एक बारकावा आहे, आणि तो कळला नाही तर सगळी मेहनत करूनही बोलणं कृत्रिम वाटतं. दीर्घ ‘ई’ सगळ्या शब्दांत सारखा लांब नसतो. पुढे कोणतं व्यंजन येतं त्यावर त्याची लांबी ठरते.

‘सीट’ आणि ‘सीड’ घ्या. पुढे ट, प, क, च, फ, स अशी कठोर व्यंजनं आली की स्वर कापल्यासारखा आखूड होतो. पुढे ड, ब, ग, ज, व्ह, झ अशी मृदू व्यंजनं आली किंवा स्वरानंतर शब्द संपलाच, तर तो ऐसपैस लांबतो. म्हणून फीट आखूड, फीड लांब. लीफ आखूड, लीव्ह लांब. तुकडा या अर्थाचा पीस आखूड, वाटाणे या अर्थाचा पीझ लांब. ‘सी’, ‘थ्री’, ‘फ्री’ हे तर मोकळेच.

याचा परिणाम असा, की ‘सीट’मधला दीर्घ स्वर आणि ‘बिड’, ‘किड’सारख्या शब्दांतला ह्रस्व स्वर वेळेच्या हिशेबाने जवळजवळ सारखे भरू शकतात. मग ऐकणारा फरक कशावरून करतो? जिभेच्या जागेवरून. म्हणून मी आधी जागा आणि मग लांबी असा क्रम ठेवला. जे आधी लांबीच्या मागे लागतात ते ‘सीईईट’ म्हणायला लागतात, आणि ती सवय मोडायला पुढे त्रास होतो.

ही चौकडी एकापाठोपाठ म्हणून पाहा: बीड, बीट, बिड, बिट. पहिला सगळ्यात लांब, शेवटचा सगळ्यात आखूड, मधले दोन जवळजवळ सारख्या लांबीचे पण जागेने वेगळे. हे जमलं की या स्वराचं कठीण काम झालं.

आणखी दोन ठिकाणं लक्षात असू द्या. ‘फील’, ‘व्हील’, ‘डील’ अशा शब्दांत स्वर आणि शेवटचा ल यांच्या मध्ये एक पुसट ‘अ’ येतो, फीअल असा. तो दाबू नका. आणि ‘बिअर’, ‘निअर’, ‘हिअर’ हे शब्द दीर्घ ‘ई’चे म्हणून घोटू नका, ब्रिटिश उच्चारात तो निराळाच जोडस्वर मानला जातो.

कानाला एकाच आवाजाची सवय लावू नका

तोंड तयार होत असताना कानही तयार व्हायला हवा. ऑनलाइन शब्दकोशात शब्दाशेजारी ध्वनिफितीचं चिन्ह असतं. जोडीतले दोन्ही शब्द तिथे ऐका. कोणाला तरी जोडीतला एक शब्द निवडून वाचायला सांगा आणि कोणता ते ओळखा. दहातले नऊ ओळखता येईपर्यंत हा खेळ चालू ठेवा.

मात्र एकाच माणसाचं बोलणं ऐकत राहू नका. बाई, पुरुष, लहान मूल, ब्रिटिश, अमेरिकी असे निरनिराळे आवाज घ्या. परक्या भाषेतले जवळजवळचे ध्वनी ओळखायला शिकवताना अनेक बोलणाऱ्यांचे आवाज ऐकवणं उपयोगी पडतं, हे जपानी भाषकांना इंग्रजी र आणि ल शिकवण्याच्या १९९१च्या प्रयोगापासून चांगलं माहीत झालं आहे. त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. एकच आवाज ऐकला तर कान त्या माणसाला ओळखायला शिकतो. दहा आवाज ऐकले की त्या सगळ्यांत समान काय ते पकडावं लागतं, आणि ते समान म्हणजेच तो स्वर.

स्वतःचं बोलणं मोबाइलवर नोंदवा आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपण काय म्हणायचं ठरवलं होतं तेच कानावर पडतं.

तेरा की तीस

आकड्यांपुरता हा प्रश्न फार व्यवहाराचा आहे. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी. फोनवर रक्कम, वेळ किंवा घरक्रमांक सांगताना यांची अदलाबदल झाली की नुकसान होतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘ई’ आपण लांबच म्हणतो, त्यामुळे ‘थर्टी’चा शेवटही आपण जोरकस ताणतो आणि तो ‘थर्टीन’सारखा ऐकू येतो. शेवटचा न पुसट झाला तर ओळखायला काहीच उरत नाही.

‘थर्टी’मध्ये जोर पहिल्या भागावर द्या आणि शेवटची ‘टी’ हलकी सोडा. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटच्या भागावर, तिथे दीर्घ ‘ई’ पूर्ण लांबीचा, आणि न स्पष्ट. ओळीने मोजताना किंवा पुढे लगेच नाम आलं की इंग्रजी बोलणारेही थर्टीनचा जोर पहिल्या भागावर घेतात, त्यामुळे केवळ जोरावर विसंबू नका. स्वराची लांबी आणि न सांभाळा. हॅपी, सिटी, ईझीसारख्या शब्दांचा शेवटही असाच हलका ठेवायचा. फक्त ईझीची सुरुवात दीर्घ आहे. आपण नेमकं उलट करतो.

स्पेलिंगवरून ओळखायचं कसं

पाहिलेला शब्द कसा म्हणायचा याचे काही भरवशाचे संकेत आहेत. दोन ई एकत्र आले की जवळजवळ नेहमी दीर्घ: ग्रीन, फीट, थ्री. ‘असणे’ या क्रियापदाचं बीन हे रूप ब्रिटनमध्ये बहुधा दीर्घ म्हणतात, अमेरिकेत मात्र बहुधा बिन. ई आणि ए ही अक्षरं एकत्र आली तर बहुतेक वेळा दीर्घ: टीच, सी म्हणजे समुद्र, स्पीक. पण हेड, ब्रेड, डेड यांत ‘ए’ आणि ग्रेट, ब्रेक, स्टेक यांत ‘एइ’. आय आणि ई एकत्र: फील्ड, पीस, बिलीव्ह, अपवाद फ्रेंड. सी या अक्षरानंतर ई आणि आय: रिसीव्ह, सीलिंग. मध्ये एक व्यंजन आणि शेवटी मूक ई: कम्प्लीट, सीन. बाकी की, पीपल असे एकेकटे शब्द पाठच करावे लागतात.

हा पसारा का, याचं उत्तर इतिहासात आहे. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. दोन ई लिहिलेल्या शब्दांत पूर्वी लांब ‘ए’ होता, तो चढत चढत ‘ई’ झाला. उच्चार हलला, पण स्पेलिंग जुन्या जागीच राहिलं. ग्रेट, ब्रेक, स्टेक हे तीन शब्द शेवटच्या पायरीआधी थांबले, आणि हेड, ब्रेडचा स्वर वाटेत आखूड झाला. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिलं. मशीन, पोलीस हे शब्द फ्रेंचमधून आले आणि त्यांनी फ्रेंच वळण सोडलं नाही, म्हणून त्यांत आय लिहून ‘ई’ म्हणतात. मला हा इतिहास माहीत झाल्यावर इंग्रजी स्पेलिंगवरचा राग गेला, आणि अपवाद जास्त चांगले लक्षात राहिले.

शब्दातून वाक्यात

सुटे शब्द जमले तरी वाक्यात तोंड जुन्या वळणावर जातं. म्हणून एकाच वाक्यात दोन्ही स्वर असतील अशी वाक्यं घ्या. ‘प्लीझ सिट इन धिस सीट.’ यात पहिला आणि शेवटचा शब्द दीर्घ, मधले सगळे ह्रस्व. ‘शी लिव्ह्ज हिअर, बट शी लीव्ह्ज ॲट सिक्स.’ ‘द शिप इज फुल ऑफ शीप.’ आधी इतकं सावकाश म्हणा की प्रत्येक स्वराची जागा जाणवेल. मग रोज थोडा वेग वाढवा. दिवसाला दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज मिळायला हवीत.

दीर्घ ‘ई’वर शब्द संपून पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर मध्ये थांबू नका. एक हलका ‘य’ आपोआप येऊ द्या: ‘सी इट’ बोलताना ‘सीयिट’सारखं होतं, ‘थ्री ॲपल्स’ ‘थ्रीयॅपल्स’सारखं. जीभ ‘य’च्या जागीच असल्यामुळे हे कष्टाविना जमतं.

आणि एक छोटं वाक्य मी प्रत्येकाला शेवटी देतो: ‘ईट इट.’ खा ते. पहिला शब्द दीर्घ, दुसरा ह्रस्व, व्यंजन दोन्हीकडे तेच, त्यामुळे लपायला कुठे जागा नाही. मराठी तोंड दोन्ही शब्द ‘ईट’ म्हणतं, कारण दोन्ही ‘वीट’च्या साच्यातले आहेत. हे दोन शब्द नोंदवून ठेवा, तीन आठवड्यांनी पुन्हा नोंदवा, आणि दोन्ही नोंदी एखाद्या तिसऱ्या माणसाला ऐकवून विचारा, कोणता शब्द आधी आला.